फिकट ठिपके

मोजणीबाईंना रक्ताची किळस कधी आली नाही. बावीस वर्षं रोज सकाळी नऊला लॅब उघडायची, हातमोजे चढवायचे आणि जांभळ्या टोपणाच्या नळ्या स्टँडमध्ये ओळीने लावायच्या, यात किळस येण्यासारखं आहे काय? नळीतल्या रक्ताला वास नसतो, तोंड नसतं, ते उलटून बोलत नाही. बाईंना किळस यायची ती माणसांची. तेच रक्त अंगात घेऊन हिंडणाऱ्या, खाकरणाऱ्या, शिंकून झाल्यावर टेबलाला हात पुसणाऱ्या माणसांची.

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला सगळं हॉस्पिटल पेन्शनर म्हणायचं, कारण निवृत्तीला किती दिवस उरले ते तो कपाटाच्या दाराआड रोज खडूने लिहायचा. हा गृहस्थ दुपारी बूट काढून पायाची बोटं मोडायचा. एकेक करून, दहाच्या दहा. बाई उठून खिडकी उघडायच्या. "वारा बरा सुटलाय," पेन्शनर म्हणायचा आणि अकरावं बोट सापडतंय का बघायचा. बाईंनी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आणि पोटाच्या वॉर्डचे मोठे डॉक्टर. त्यांना मागे सगळे आलेखबुवा म्हणायचे. कुठलाही विषय काढा, बुवा खिशातून पेन काढून रेघ वर चढवायचे किंवा खाली आणायचे. हुशार माणूस, पण पेशंटचे कागद उलटताना अंगठ्याला थुंकी लावायचा. तोच कागद मग बाईंच्या हातात यायचा. बाई तो कोपरा सोडून धरायच्या.

गेलं वर्षभर बुवांनी एक अभ्यास चालवला होता. जठरात व्रण होऊन ज्यांना रक्ताच्या उलट्या होतात, त्यांना ॲसिड कमी करणारी इंजेक्शनं देतात. ॲसिड उतरलं की रक्ताची गाठ टिकते, जखम भरते. "इथवर सगळं झकास," बुवांनी लॅबमध्ये येऊन समजावलं होतं, "पण हे औषध रक्तातल्या पहारेकऱ्यांचं काय करतं? जंतू आले की आरडाओरडा करून बाकीच्यांना उठवणाऱ्या पेशी असतात ना, त्या कमी होतात का? जुन्या औषधाने जास्त, नव्याने कमी, असं काही आहे का? मला माहीत नाही. म्हणून तुम्ही मोजायचं."

तर बाई मोजत होत्या. प्रत्येक पेशंटचं तीनदा रक्त यायचं: इंजेक्शनच्या आधी, तिसऱ्या दिवशी आणि पाचव्या दिवशी. नळीवर नाव नाही, फक्त नंबर. कुणाला जुनं औषध, कुणाला नवं, हेही बाईंना ठाऊक नसायचं. तिसऱ्या दिवशीचा आकडा साडेतीनशेच्या खाली गेला तर मात्र ताबडतोब बुवांना फोन करायचा. मग ते औषध निम्म्यावर आणायचे, छातीचा फोटो काढायचे, कारण असा पहारा पातळ झालेल्या माणसाला निमोनिया गाठायला वेळ लागत नाही.

मोजायचं म्हणजे बोटं मोजतात तसं नव्हे. रक्तात रंग घालायचा, तांबड्या पेशी विरघळवायच्या, उरलेल्या यंत्रातून एकामागोमाग एक सोडायच्या. पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो. हजारो ठिपके. मग माणसाने माऊस हातात घ्यायचा आणि हव्या त्या ठिपक्यांभोवती कुंपण आखायचं. कुंपणाच्या आत पडेल ते यंत्र मोजतं. दाट रंगाचे ठिपके म्हणजे आपले पहारेकरी. त्यांना लागूनच फिकट ठिपक्यांचा एक पट्टा असतो. त्या वेगळ्याच जातीच्या पेशी. तोच रंग त्यांनाही थोडासा चढतो, इतकंच. कुंपण जरा सैल पडलं की ही फिकट मंडळी आत घुसतात आणि आकडा फुगतो. नवीन माणूस लॅबमध्ये आला की बाईंचा पहिला धडा ठरलेला: फिकट तो परका. पेन्शनरलाही त्यांनीच शिकवलं होतं. बाईंचं कुंपण म्हणजे सुईत दोरा ओवावा तसं काम. पेन्शनर तेच करायला जीभ बाहेर काढून वीस मिनिटं घ्यायचा, आणि बाईंना त्या जिभेकडे बघवायचं नाही.

अजून एक नियम होता. ओळखीच्या माणसाचं रक्त आलं आणि ते आपल्याला कळलं, तर नळी दुसऱ्याकडे द्यायची. मोजणारा हात कोरा हवा.

मंगळवारी सकाळी लॅबच्या दारात वहिनी उभी.

बाईंनी तिला सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. केस पिकले होते, चप्पल दोन पायांत दोन तऱ्हेची होती. "वन्सं," ती म्हणाली, "ह्यांना काल इथे आणलंय. रक्त ओकले हो. काळं, चहाच्या चोथ्यासारखं. गुडघ्याच्या गोळ्या उपाशीपोटी खायचे, दोन म्हणता म्हणता चार. मी सांगून थकले." मग आवाज उतरवून, काहीतरी मोठा वशिला लागल्यासारखी ती म्हणाली, "त्या अभ्यासात घेतलंय. एकशे सतरा नंबर. तुमच्याकडेच येतं ना रक्त?"

झालं. नंबर कळला. एकशे सतराची पहिली नळी बाईंनी आदल्याच दिवशी मोजली होती, कुणाची ते ठाऊक नसताना. पाचशे चाळीस. नीटनेटका आकडा.

"वहिनी, तुम्ही हे मला सांगायला नको होतं," बाई म्हणाल्या. वहिनीला त्यातलं काही कळलं नाही. ती दार धरून उभीच राहिली, तेव्हा बाईंनी हातमोजे काढले आणि तिच्याबरोबर वॉर्डात गेल्या.

बावीस वर्षांत त्या वॉर्डात बाईंचं पाऊल चारदासुद्धा पडलं नसेल. दार ढकललं आणि वास तोंडावर आला. पोटात रक्त झिरपून ते आतड्यातून खाली आलं की डांबरासारखं काळं, चिकट होतं, आणि त्याला जो वास येतो तो एकदा नाकात बसला की जेवणाच्या ताटापर्यंत पाठ सोडत नाही. बाईंनी रुमाल नाकाला लावला.

खाटेवर दादा होता. बाईंचा थोरला भाऊ. ओठांच्या कोपऱ्यात तपकिरी सुकलेलं, दाढीचे खुंट वाढलेले, हनुवटीखाली स्टीलची तसराळी. डोळे मात्र तेच, समोरच्याची किंमत करणारे.

"आलीस," तो म्हणाला. "रुमाल काढ, वास नाही येत एवढा."

बाईंनी रुमाल काढला नाही. सहा वर्षांपूर्वी याच माणसाने त्यांच्या आईला घरामागच्या अडगळीच्या खोलीत ठेवलं होतं. आईला अंथरुणातून उठवत नव्हतं. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या वाहत होत्या. बाई भेटायला गेल्या की दादा दारातच आडवा यायचा: कशाला येतेस, ती झोपलीय, घरात वास मारतो. एकदा बाई त्याला ढकलून आत शिरल्या, तर हा नाकाला रुमाल लावून मागे उभा. पोटच्या पोराने आईसमोर नाक दाबलं होतं आणि आई त्याच्याकडेच बघत होती. त्यानंतर बाराव्या दिवशी ती गेली. बाईंनी दादाचं घर टाकलं ते कायमचं.

"किती दिवस चाललं होतं हे?" बाईंनी विचारलं.

"काय? गोळ्या? त्या सगळेच खातात." दादाने नखाने दात कोरला आणि नख चादरीला पुसलं. "डॉक्टर म्हणतो, नवीन अभ्यासात येता का. म्हटलं, येतो. चार लोकांच्या उपयोगी पडू."

आयुष्यात कुणाच्या उपयोगी न पडलेला माणूस, म्हणे चार लोकांच्या. दोन मिनिटंही न थांबता बाई खाली आल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले.

आता खरं म्हणजे सरळ पेन्शनरला सांगायचं होतं: एकशे सतरा माझा भाऊ आहे, पुढची नळी तुम्ही मोजा. एवढंच. पण सांगायचं म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या कॉरिडॉरला कळणार, मोजणीबाईंना भाऊ आहे, आणि मग कुठे होता इतकी वर्षं, आणि भांडण कशावरून. शिवाय पेन्शनरच्या हातात द्यायचं? बोटं मोडणारा, जीभ काढणारा माणूस. बाईंनी ठरवलं, मीच मोजते. माझा हात काही इतका हलका नाही.

गुरुवारी एकशे सतराची दुसरी नळी आली. बाईंनी ती इतरांसारखीच धरली, इतरांसारखाच रंग घातला. पडद्यावर ठिपके उमटले. बाईंनी कुंपण आखलं, घट्ट, एका दमात, नेहमीसारखं. आकडा आला दोनशे बासष्ट.

पाचशे चाळीसवरून दोनशे बासष्ट. साडेतीनशेच्या रेघेच्या कितीतरी खाली. फोन उचलायचा होता.

आणि त्या क्षणी बाईंच्या मनात एक शब्द आला. आणला नाही, आपोआप आला. "बरं झालं."

बाई खुर्चीत तशाच बसून राहिल्या. असली किळस त्यांना जन्मात कुणाची आली नव्हती, पेन्शनरची नाही, बुवांच्या अंगठ्याची नाही, दादाचीसुद्धा नाही. आपल्याच भावाच्या रक्तातला पहारा उठला आणि आपल्याला बरं वाटलं? हे असलं काही पोटात घेऊन आपण बावीस वर्षं पांढरा कोट घालून बसलो? मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा शहाणा वाटला, तीच खरी गोम. ज्या मनाला हा आकडा इतका गोड लागला, त्याच मनाने कुंपण आखलं नसेल कशावरून? आपण सूड घेतला असेल. माऊस एक केसभर आत ओढला असेल. दादावर अन्याय झाला असेल, आणि वर आपणच म्हणायचं की हात कोरा होता.

त्यांनी कुंपण पुसलं. पुन्हा आखलं, या वेळी जरा मोकळं. फिकट पट्ट्यातले काही ठिपके आत आले. असू देत, बाई स्वतःला म्हणाल्या, दुसऱ्या कुणाचे असते तर मी एवढी कंजुषी केली असती का? खरं तर केली असती. रोजच करत होत्या. पण त्या घटकेला त्यांना नुसतं न्यायी व्हायचं होतं, दादाला त्याच्या वाट्याचं पुरेपूर द्यायचं होतं, वर चिमूटभर जास्त, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. आकडा आला तीनशे अडुसष्ट. रेघेच्या वर. बाईंनी तो लिहिला, खाली सही केली, आणि त्यांना हलकं वाटलं. काय म्हणावं या बाईला. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

फोन झाला नाही. औषध निम्मं झालं नाही. छातीचा फोटो निघाला नाही.

शुक्रवारी दुपारी वहिनी पुन्हा दारात. "ह्यांना ताप आलाय. कणकण म्हणत होते, आता फणफणलेत. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, रक्त चढवलंय ना, त्याने येतो कधी कधी. आणि म्हणाले, पेशी चांगल्या आहेत, तीनशे अडुसष्ट, बघू एखादा दिवस." वहिनीच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. "तुम्ही मोजल्यात म्हटल्यावर मी निश्चिंत झाले बघा."

त्याच वेळी बाईंनी तोंड उघडायला हवं होतं. त्यांनी उघडलं नाही. रक्त चढवल्याने ताप येतोच, बुवा काही वेडे नाहीत, एक दिवसाने काय होतं, असं सगळं त्या स्वतःला सांगत राहिल्या. चोरी पकडली जायच्या आधी चोराला जितकी कारणं सुचतात, तितकी त्यांना सुचली. घरी जाऊन त्यांनी जेवण झाकून ठेवलं आणि न जेवता झोपल्या.

शनिवारी तिसरी नळी आली तेव्हा बाईंनी ती उचलली, पेन्शनरच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही तुम्ही मोजा. माझा भाऊ आहे."

पेन्शनरने बोटं मोडणं थांबवलं. "भाऊ?"

"सख्खा. मोजा आधी, मग विचारा."

त्याने विचारलं नाही, हे त्याचं मोठेपण. चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, जीभ बाहेर काढली आणि आखायला लागला. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या. कुंपण कूर्मगतीने पुढे सरकत होतं. फिकट पट्टा आला की पेन्शनर थांबायचा, मान कलती करायचा, एकेक ठिपका बाहेर ठेवून वळण घ्यायचा. बाईंनी शिकवलेलं जसंच्या तसं. वीस मिनिटांनी आकडा आला. दोनशे नऊ.

"गुरुवारी किती होता?" त्याने विचारलं.

"तीनशे अडुसष्ट."

"दीडशे पहारेकरी दोन दिवसांत गेले कुठे? रजेवर?" तो पुटपुटला आणि न सांगताच त्याने गुरुवारची फाइल उघडली. बाईंचं कुंपण पडद्यावर आलं. पेन्शनरने मान पुढे काढून ते पाहिलं. मग बोट पडद्याला न लावता त्याने फिकट पट्ट्याकडे दाखवलं. "बाई, ही मंडळी आत कशी आली? तुम्हीच सांगायचा ना, फिकट तो परका."

"मी घेतली आत."

"चुकून?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मला तो आवडत नाही. म्हणून घेतली."

पेन्शनरने त्यांच्याकडे पाहिलं. त्याला ते कळलं की नाही कोण जाणे, पण त्याने पाय बुटात घातले. "जा वर," तो म्हणाला. "इथलं मी बघतो."

आलेखबुवा आपल्या खोलीत होते. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: नात्याचं कळलं होतं, नळी दिली नाही, आधीचा आकडा दोनशे बासष्ट, तो पुसला, हा लिहिला, आजचा दोनशे नऊ. बुवांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि एकशे सतराचा कागद काढला. त्यावर पेनाने काढलेली एक रेघ होती, हलकीशी उतरणारी.

"अरेरे," बुवा म्हणाले, "म्हणजे हा पेशंट यादीतून काढावा लागेल. काय सुरेख रेघ आली होती हो. मला वाटलं होतं, नव्या औषधाचं..."

"रेघ गेली खड्ड्यात," बाई म्हणाल्या. बावीस वर्षांत वरिष्ठांपुढे त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. "दोन दिवस ताप आहे त्याला. आधी छातीचा फोटो काढा. मग मला काढा, त्याला काढा, यादीच फाडून टाका."

बुवा, हे कबूल करायला हवं, तडक उठले. फोटो निघाला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा झाला होता. ॲसिडचं औषध निम्म्यावर आलं, जंतूंवरची इंजेक्शनं सुरू झाली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला. जे गुरुवारी संध्याकाळी व्हायचं ते शनिवारी दुपारी झालं. "दोन दिवस," बुवा कॉरिडॉरमध्ये बाईंना म्हणाले, आणि या वेळी त्यांनी पेन काढलं नाही. "या वयात दोन दिवस बरेच असतात. बघू, काय होतं ते."

बाईंनी लेखी जबाब दिला. मोजणीचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं, चौकशी होईपर्यंत. पुढच्या मंगळवारी त्या वॉर्डात गेल्या. वहिनीला अंघोळीला घरी पाठवलं आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या. दादाचा श्वास करवतीसारखा चालत होता. मास्कमधून तोंडाचा आंबूस वास येत होता आणि चादरीखालून दुसरा, तोच डांबराचा.

"दादा, जागा आहेस का? सांगायचंय."

"सांग."

"तुझं रक्त मी मोजलं. चुकीचं मोजलं. त्यामुळे तुला दोन दिवस औषध मिळालं नाही. हे जे छातीत झालंय, ते तेव्हाच धरता आलं असतं."

दादाने मास्क बाजूला सारला. "किती कमी मोजलंस?"

"कमी नाही. जास्त."

"जास्त?" त्याचे डोळे पहिल्यांदाच भाव करायचे थांबले. "मला वाटलं, झालंच तर कमी मोजशील."

"म्हणजे तुला ठाऊक होतं, मोजणारी मी आहे ते?"

"इथे मोजणीबाई एकच आहे. त्या फॉर्मवर विचारलं होतं, नात्यातलं कुणी इथे काम करतं का. मी नाही लिहिलं." त्याला खोकला आला, तो बराच वेळ टिकला. "हो लिहिलं असतं तर तुझ्याकडून काढून दुसऱ्या कुणाला दिलं असतं. मला तूच हवी होतीस. लहानपणी केळं दोऱ्याने कापायचीस, आठवतं? पट्टी लावून. मी रडलो तरी माझ्याकडे नखभर जास्त नाही आलं कधी, आणि तू चिडलेली असलीस तरी कमी नाही आलं. म्हटलं, शत्रू असली तरी मोजेल बरोबर."

सगळ्या जगात बाईंच्या हातावर इतका विश्वास ठेवणारं माणूस एकच निघालं, आणि ते हे. आणि त्याच्याच बाबतीत त्या हाताने पहिल्यांदा नखभर जास्त दिलं होतं.

दादा हसला. तपकिरी दात दिसले. "जाऊ दे. आईचं मी केलं नाही, माझं तू केलं नाहीस. फिट्टंफाट."

त्या माणसाने माफ केलं होतं, फुकटात, हसता हसता, आणि त्या माफीत आईलाही गुंडाळून टाकलं होतं. याच्याकडून माफी घ्यायची, यापेक्षा त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बाईंनी आनंदाने ऐकल्या असत्या.

"फिट्टंफाट काही नाही," त्या म्हणाल्या. "माझी चूक माझ्याकडे. तिची शिक्षा मी भोगीन. आईचं तुझ्याकडे. ते तिला विचार."

"एवढ्यात नको विचारायला लावूस," दादा म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. त्याने भिंतीकडे तोंड केलं. "जरा सिस्टरला बोलाव. ...झालंय."

बाईंनी वॉर्डभर पाहिलं. सिस्टर पलीकडे एका पेशंटच्या हातातली सुई बसवत होती, मावशी कुठे दिसत नव्हती. वास पसरत होता, आणि आता तो लपण्यासारखा नव्हता. बाईंचा हात रुमालाकडे गेला.

"वास येतोय का गं?" दादाने भिंतीलाच विचारलं.

"येतोय. भयंकर येतोय."

त्याने मास्क पुन्हा तोंडावर ओढला. मग आतून, अर्धं ऐकू येईल असं म्हणाला, "आई माझ्याकडे बघत होती ना तेव्हा."

"हो," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडेच बघत होती."

भावाची पाठ हलायला लागली. खोकला असेल, दुसरं काही असेल. बाईंनी रुमाल खिशात कोंबला, कारण कामाला दोन्ही हात लागणार होते. भिंतीवरच्या डब्यातून हातमोजे काढून चढवले, पलीकडून पाण्याचं भांडं आणि जुने कपडे आणले, चादर उलटली. काळं, चिकट, मांडीपर्यंत गेलेलं. माया वगैरे काही दाटून आली नाही, उगाच खोटं कशाला सांगा. किळसच आली, भरपूर आली.

"कुशीवर हो," त्या म्हणाल्या. "आणि हलू नकोस."

कपडा ओला करून पिळला आणि त्यांनी कडेपासून पुसायला सुरुवात केली. वळ्यांतलं काढलं, पाठीकडे गेल्या. तिथे कातडी लाल होऊन सोलवटायला लागली होती, आईची सुरुवातीला व्हायची तशी. बाईंनी ती जागा दोनदा पुसली, कोरडी केली आणि सिस्टरला हाक मारून सांगितलं की याला दर दोन तासांनी कूस बदलायला लावायची आहे, ते कागदावर लिहून ठेवा.